चुंबकित प्लाझ्माचे सिम्युलेशन: कण वाढवले की प्रवाह बदलतो, तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

हॉल थ्रस्टरसारख्या (उपग्रहाला ढकलणाऱ्या विद्युत इंजिनासारख्या) उपकरणातील कमी तापमानाच्या, चुंबकीय क्षेत्रात बांधलेल्या प्लाझ्माचे सिम्युलेशन करणाऱ्या पार्टिकल-इन-सेल कोडमध्ये (ज्यात जाळीच्या सेलमधून कण सोडून त्यांची हालचाल मोजतात) एकच बिघाड मला वारंवार दुरुस्त करावा लागला आहे. त्यात कोड कोसळत नाही, एररचा संदेश येत नाही आणि चित्रेही देखणी येतात. चुकलेले असतात ते फक्त आकडे, आणि तेही इतक्या सभ्यपणे की कित्येक महिने कोणाला शंकाही येत नाही.

चिन्हे साधारण अशी असतात. दर सेलमागे कणांची संख्या ७५ वरून १५० केली की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह स्पष्टपणे कमी होतो, आणि ३०० केली की आणखी कमी होतो. इलेक्ट्रॉनांचे तापमान एका पातळीवर स्थिरावण्याऐवजी रनच्या शेवटपर्यंत हळूहळू चढत राहते. भिंतीलगतच्या अगदी शेवटच्या जाळीबिंदूवर घनता एकाएकी अर्धी दिसते, किंवा जिथे आवर्ती सीमा आहे (एका टोकातून बाहेर पडलेला कण दुसऱ्या टोकातून आत येतो) तिथे घनतेच्या नकाशावर शिवण असावी तशी एक सरळ रेघ उमटते. तोच इनपुट १ प्रोसेसरवर आणि ६४ प्रोसेसरवर चालवला तर काळावर घेतलेली सरासरीसुद्धा जुळत नाही. अस्थिरतेमुळे उठणाऱ्या लाटांची लांबी नेमकी डोमेनच्या लांबीइतकी किंवा नेमकी दोन सेलइतकी निघते. यांपैकी एकही चिन्ह दिसले, तर निकालाचा भौतिक अर्थ लावण्याचे काम तिथेच थांबवावे आणि पुढच्या तपासण्या क्रमाने कराव्यात.

तपासणीकडे वळण्यापूर्वी, चुंबकित प्लाझ्मात हा बिघाड इतका महाग का पडतो हे समजून घेणे आवश्यक आहे. विद्युतक्षेत्र मीटरला २०,००० व्होल्ट आणि त्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र २० मिलिटेस्ला असेल, तर इलेक्ट्रॉन १.८ नॅनोसेकंदांत एक गिरकी घेतो आणि दोन्ही क्षेत्रांना लंब दिशेने सेकंदाला १० लाख मीटर वेगाने वाहत जातो. विद्युतक्षेत्राच्या दिशेने मात्र तो जवळजवळ जागचा हलत नाही. त्याला धक्का बसला तरच त्याच्या गिरकीचे केंद्र सरकते. सेकंदाला १ कोटी धक्के बसले, म्हणजे दर १०० नॅनोसेकंदांना एक, तर त्या दिशेचा त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २,८४० मीटर होतो, आणि आपण ज्याला चुंबकीय क्षेत्र ओलांडणारा प्रवाह म्हणतो तो या एवढ्याशा वेगातूनच येतो. टाइम स्टेप ५ पिकोसेकंदांची असेल तर १०० नॅनोसेकंद म्हणजे २०,००० स्टेप. म्हणून कोडमधल्या गोंगाटाने, म्हणजे मोजक्याच कणांमुळे क्षेत्रात उठणाऱ्या खोट्या चढउतारांनी, प्रत्येक इलेक्ट्रॉनला दर २०,००० स्टेपमागे एखादा खोटा धक्का दिला, तरी खऱ्या टकरींइतकाच प्रवाह फुकटात तयार होतो. चुंबकीय क्षेत्र नसलेल्या डिस्चार्जमध्ये असा धक्का वेगांचे वितरण थोडेसे बिघडवतो आणि बहुधा खपून जातो. इथे मात्र तो धक्काच प्रवाह असतो. त्यातच अशा प्लाझ्मात खऱ्याखुऱ्या अस्थिरताही प्रवाह वाढवतात, त्यामुळे वाढलेला प्रवाह पाहिला की भौतिकशास्त्र सापडल्याचा आनंद आधी होतो आणि ताळा घ्यायचा राहून जातो.

सर्वांत स्वस्त तपासणी इनपुट फाइलची आहे आणि तिला अर्धा तास लागतो. १०० गॉस म्हणजे १० मिलिटेस्ला आणि १ टॉर म्हणजे सुमारे १३३ पास्कल, हे सर्वांनाच ठाऊक असते, पण क्षेत्राची फाइल एकाने तयार केलेली असते आणि ती वाचणारा कोड दुसऱ्याने लिहिलेला असतो. म्हणून कोडने वाचल्यानंतर स्मृतीत नेमका कोणता आकडा बसला तो छापून घ्यावा, फाइलमधला आकडा पाहून समाधान मानू नये. उष्णगतीच्या वेगाची व्याख्याही इथेच तपासावी. १० इलेक्ट्रॉनव्होल्ट तापमानासाठी प्रत्येक दिशेतील वेगाचे प्रमाण विचलन सेकंदाला १३.३ लाख मीटर येते. कोणी त्याच्याऐवजी सर्वाधिक संभाव्य वेग वापरला, तर तो वर्गमूळ दोन पटींनी मोठा असतो आणि आत सोडलेले इलेक्ट्रॉन १० ऐवजी २० इलेक्ट्रॉनव्होल्टचे होतात. ही चूक मला तीन वेगवेगळ्या कोडमध्ये भेटली आहे.

त्यानंतर जमाखर्च लिहावा. प्रत्येक ठराविक स्टेपनंतर किती इलेक्ट्रॉन जन्मले, किती आत सोडले, अॅनोडवर किती गेले, भिंतीवर किती गेले आणि शिल्लक किती, एवढे मोजणारी एक ओळ कोडने लिहिलीच पाहिजे. कण पूर्णांकात मोजले जातात, त्यामुळे हा हिशेब एका कणाच्याही फरकाशिवाय जुळला पाहिजे. इथे ‘जवळजवळ जुळतो’ याला काही अर्थ नाही. उर्जेचा हिशेब मात्र वेगळा आहे. नेहमीच्या एक्सप्लिसिट (पुढची स्टेप थेट आधीच्या स्टेपवरून काढणाऱ्या) पद्धतीत उर्जा तंतोतंत जपली जात नाही, म्हणून बाहेरून दिलेली उर्जा, कणांनी भिंतीवर नेलेली उर्जा, टकरींत खर्चलेली उर्जा आणि क्षेत्रात साठलेली उर्जा यांचा मेळ घातल्यावर थोडी तफावत उरतेच. ती पुरवलेल्या उर्जेच्या १ टक्क्याच्या आत असावी असा दंडक मी पाळते, आणि आकारापेक्षाही तिच्या वळणाकडे पाहते. तफावत वरखाली होत असेल तर ती गोंगाटाची असते. एकाच दिशेने वाढत असेल तर कोड प्लाझ्माला तापवतो आहे.

तिसरी तपासणीही फारशी खर्चिक नाही, पण ती नेहमी चुकीच्या क्षणी केली जाते. घनता घनमीटरला १० चा १७ वा घात आणि तापमान १० इलेक्ट्रॉनव्होल्ट असताना डिबाय लांबी (ज्या अंतरापलीकडे प्लाझ्मा एखाद्या प्रभाराचे क्षेत्र झाकून टाकतो) सुमारे ७४ मायक्रोमीटर असते, म्हणून ५० मायक्रोमीटरचा सेल चालतो. प्लाझ्माची कोनीय वारंवारता अशा वेळी सेकंदाला सुमारे १.८ गुणिले १० चा १० वा घात रेडियन असते आणि ५ पिकोसेकंदांच्या टाइम स्टेपशी तिचा गुणाकार ०.०९ येतो, जो ०.२ या रूढ मर्यादेच्या आत आहे. हे गणित बहुतेक जण रन सुरू करण्यापूर्वी अंदाजाच्या घनतेवर करतात. रन स्थिरावेपर्यंत मात्र एखाद्या कोपऱ्यात घनता चौपट झालेली असते, तिथली डिबाय लांबी अर्धी होते, सेल तिच्यापेक्षा मोठा ठरतो आणि प्लाझ्मा नेमका त्याच कोपऱ्यातून तापू लागतो. म्हणून या राशींचा नकाशा शेवटच्या क्षणाच्या घनतेवरून आणि तापमानावरून, प्रत्येक सेलसाठी काढावा आणि त्यातील सर्वांत वाईट सेल पाहावा. वेळ वाचवण्यासाठी कोणी निर्वात पोकळीची परवैद्युतता कृत्रिमरीत्या वाढवली असेल किंवा आयनांचे वस्तुमान घटवले असेल, तर तेही इथेच विचारून घ्यावे. पहिल्या युक्तीने डिबाय लांबी वाढते, दोन्हींनी रन स्वस्त होतो, पण अस्थिरतेची लांबी आणि वारंवारताही बदलते.

यापुढच्या तपासण्यांना कोडचे तुकडे सुटे करावे लागतात. त्यांपैकी कण ढकलणाऱ्या तुकड्यावर मी सर्वाधिक वेळ देते, कारण सर्वांत फसवी चूक मला तिथेच सापडली आहे. बहुतेक कोड बोरिसची पद्धत वापरतात. तिच्यात आधी अर्धा विद्युत धक्का, मग चुंबकीय क्षेत्राभोवती वेगाचे फिरवणे आणि मग उरलेला अर्धा धक्का, असा क्रम असतो. फिरवण्यासाठी दोन राशी लागतात. पहिली, टी, म्हणजे गिरकीची वारंवारता गुणिले टाइम स्टेपचा अर्धा भाग. दुसरी, एस, म्हणजे टीच्या दुपटीला एक अधिक टीच्या वर्गाने भागून आलेली राशी. एका विद्यार्थ्याच्या कोडमध्ये हा भागाकारच नव्हता. टी इतकी लहान आहे की छेद एकच धरावा, असे त्याला वाटले होते. २० मिलिटेस्ला क्षेत्रात आणि ५ पिकोसेकंदांच्या स्टेपला टी सुमारे ०.००८८ येते, त्यामुळे हा समज वाजवीच वाटतो. मात्र भागाकार गाळला की प्रत्येक स्टेपला कणाची गतिज उर्जा टीच्या चौथ्या घाताच्या चौपटीने, म्हणजे सुमारे २.४ भागिले १० कोटी इतक्या प्रमाणात वाढते. १०,००० स्टेपच्या चाचणीत ही वाढ ०.०२४ टक्के दिसते आणि कोणीही ती गोलाकार त्रुटी म्हणून सोडून देईल. २० मायक्रोसेकंद म्हणजे ४० लाख स्टेप, आणि तेवढ्या वेळात ती १० टक्के होते. क्षेत्र ४० मिलिटेस्ला केले तर तेवढ्याच स्टेपमध्ये उर्जा ४.६ पट होते. क्षेत्र जिथे सर्वांत जास्त, तिथे तापणेही सर्वांत जास्त. आणि उपकरणात इलेक्ट्रॉन खरोखरच तिथेच तापतात, त्यामुळे आलेख पाहून कोणालाच काही खटकत नाही.

म्हणून एकट्या इलेक्ट्रॉनची चाचणी लांब चालवावी. विद्युतक्षेत्र शून्य ठेवून त्याला १० लाख स्टेप फिरू द्यावे. उर्जा केवळ संगणकाच्या गोलाकार त्रुटीइतकीच ढळली पाहिजे आणि ती त्रुटी एका दिशेने साचता कामा नये. मग विद्युतक्षेत्र चालू करून वाहण्याचा वेग मोजावा. मीटरला २०,००० व्होल्ट आणि २० मिलिटेस्ला घेतल्यास तो सेकंदाला १० लाख मीटरच आला पाहिजे. तीच चाचणी आयनांवरही करावी, कारण वाहण्याची दिशा प्रभाराच्या चिन्हावर अवलंबून नसते; ती उलटली तर फिरवण्याच्या ओळीत चिन्ह चुकले आहे. प्रत्यक्ष रनमध्ये झेनॉनच्या आयनाच्या गिरकीची त्रिज्या मीटरांत मोजावी इतकी मोठी असते, त्यामुळे ही चूक तिथे कधीच डोळ्यांत येत नाही. अशी चाचणी काही मिनिटांत होते आणि कोडमधला एखादा शब्द बदलला तरी ती पुन्हा चालवायला हरकत नसते.

विभव काढणाऱ्या तुकड्यासाठी, ज्याचे उत्तर कागदावर काढता येते अशी प्रभारघनता द्यावी, साइनचा गुणाकार पुरतो, आणि जाळी दुप्पट बारीक करत जाताना त्रुटी दर वेळी चौपट कमी होते का ते पाहावे. ती निम्मीच होत असेल तर दोष बहुधा सीमेवरच्या ओळीत असतो. प्रभार जाळीवर वाटणाऱ्या तुकड्यासाठी सर्वत्र समान अंतरावर कण ठेवावेत. घनता सगळीकडे सारखी आली पाहिजे. भिंतीवरच्या बिंदूभोवती सेलचा अर्धाच भाग डोमेनमध्ये असतो, हे विसरले की तिथली घनता अर्धी दिसते. आवर्ती सीमेवर पहिला आणि शेवटचा बिंदू एकच असतो, त्यांच्यातील प्रभार एकमेकांत मिळवला नाही की ती शिवण दिसू लागते. सुरुवातीला सांगितलेल्या दोन चिन्हांचे कारण बहुधा इथेच सापडते.

टकरींच्या तुकड्याची तपासणी प्लाझ्माशिवाय करावी. इलेक्ट्रॉनांचा स्वतःचा प्रभार बंद ठेवून, बाहेरून एकसारखी क्षेत्रे देऊन त्यांना वायूतून जाऊ द्यावे. टकरींची वारंवारता उर्जेवर अवलंबून नाही आणि कण सर्व दिशांना सारखेच विखुरतात असे मानले, तर क्षेत्रे एकमेकांना काटकोनात असतानाचे उत्तर कागदावर नेमके निघते. वर दिलेला २,८४० मीटरचा आकडा हाच आहे, आणि तो कोडकडून निघालाच पाहिजे. चुंबकीय क्षेत्र आणि टकरी एकत्र आल्यावर काय होते हे तपासणारी यापेक्षा स्वस्त चाचणी मला माहीत नाही, तरी ती क्वचितच कोणी केलेली असते. त्यानंतर प्रत्यक्ष वायूचे काटछेद (टकरीची शक्यता सांगणारे आकडे) वापरून बोल्ट्झमान समीकरण सोडवणाऱ्या स्वतंत्र कोडशी वाहण्याचा वेग आणि आयनीकरणाचा दर ताडून पाहावा.

हे सगळे तुकडे निर्दोष ठरले, तरच पूर्ण रनच्या महागड्या तपासण्यांकडे जावे. पहिली म्हणजे कणांची संख्या. सेलमागे ७५, १५०, ३०० आणि परवडल्यास ६०० कण घेऊन रन करावेत आणि प्रवाह कणसंख्येच्या व्यस्तापुढे मांडावा. बिंदू एका रेषेवर येऊन ती रेषा शून्याकडे जाताना स्पष्टपणे खाली उतरत असेल, तर उतरलेला भाग गोंगाटाने वाहिलेला प्रवाह आहे. रेषा आडवी असेल तर मोजलेला प्रवाह खऱ्या अस्थिरतेचा मानायला हरकत नाही. प्रत्येक कणसंख्येसाठी किमान तीन वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या बीजाने) रन करावेत, कारण दोन रनमधला फरक आणि एकाच रनची नैसर्गिक चढउतार यांत गल्लत झाली तर ही सारी मेहनत वाया जाते. समांतर रनमध्ये बेरजांचा क्रम बदलतो, म्हणून दोन रन अंकागणिक जुळण्याची अपेक्षा धरू नये. जुळली पाहिजे ती सरासरी.

डोमेनची लांबीही दुप्पट करून पाहावी. वर घेतलेल्या क्षेत्रांत इलेक्ट्रॉन एका गिरकीत १.८ मिलिमीटर वाहत जातो आणि त्याच्या वाहण्यामुळे उठणाऱ्या अस्थिरतेचा पहिला अनुनाद साधारण त्याच लांबीवर येतो. डोमेन २ मिलिमीटरचेच असेल तर त्यात एकच लाट मावते, आणि तिची लांबी भौतिकशास्त्राने नव्हे तर आपण ठरवलेली असते.

शेवटी बेंचमार्क, म्हणजे अनेकांनी सोडवून ताडून पाहिलेले उदाहरण. २०१९ साली सात गटांनी आपापले स्वतंत्र कोड वापरून हॉल थ्रस्टरच्या अक्षीय आणि परिघीय प्रतलातील एकच उदाहरण सोडवले. डोमेन २.५ बाय १.२८ सेंटिमीटर, जाळी ५०० बाय २५६ सेलची, विभव २०० व्होल्ट, टाइम स्टेप ५ पिकोसेकंद, आणि १६ ते २० मायक्रोसेकंदांमधली सरासरी, असा त्याचा आराखडा होता. मुख्य राशी एकमेकींशी ५ टक्क्यांच्या आत जुळल्या. २०२१ मध्ये त्रिज्यीय आणि परिघीय प्रतलासाठीही असेच उदाहरण प्रसिद्ध झाले. आपला कोड या उदाहरणांवर चालवून पाहणे हा सर्वांत भरवशाचा ताळा आहे, पण २०१९ च्या उदाहरणात टकरी नाहीत. आयनीकरण किती आणि कुठे होईल हे आधीच ठरवून दिलेले आहे. तिथे जुळलेला कोड टकरींच्या बाबतीत पूर्ण चुकीचा असू शकतो. टकरींसाठी २०१३ चे हेलियम डिस्चार्जचे बेंचमार्क आहे, ज्यात ६.७ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पट्ट्यांना १३.५६ मेगाहर्ट्झचे व्होल्टेज दिलेले आहे, पण त्यात चुंबकीय क्षेत्र नाही. म्हणून दोन्ही बेंचमार्क जुळल्यावरही काटकोनातल्या क्षेत्रांची ती छोटी चाचणी वगळता येत नाही.

स्वतः शोधत राहणे कुठे थांबवावे, हे मी स्पष्टच सांगते. कणांचा हिशेब १ प्रोसेसरवर जुळतो आणि ६४ वर जुळत नाही, तर दोष प्रोसेसरांमधल्या देवाणघेवाणीत आहे. प्लाझ्मा शिकलेल्या माणसाने त्यात दोन दिवसांपेक्षा जास्त घालवू नयेत आणि यंत्र सांभाळणाऱ्या संगणकतज्ज्ञांकडे जावे. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्मसारख्या सामायिक यंत्रावर तर चुकीचा रन इतरांचाही वेळ खातो. सर्व तुकडे सुटे तपासून बरोबर ठरले, तरीही बेंचमार्कमधला फरक ५ टक्क्यांच्या बाहेर राहिला, तर ज्यांनी ते उदाहरण सोडवले आहे अशा एखाद्या गटाला लिहावे, कारण आराखड्यातल्या एखाद्या ओळीचा अर्थ आपण वेगळा लावलेला असण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त असते. अस्थिरतेचा वाढीचा दर रेषीय सिद्धान्ताशी जुळत नसेल, तर सैद्धान्तिक काम करणाऱ्या जाणकाराला दाखवावे. कोड बरोबर आणि समीकरण ताणलेले, असेही घडते. आणि या आकड्यांवरून कोणी प्रत्यक्ष उपकरणाची भिंत किंवा चुंबक ठरवणार असेल, तर सिम्युलेशनवाल्याने एकट्याने सही करू नये, कारण इथवरच्या साऱ्या तपासण्यांनी समीकरणे बरोबर सोडवली एवढेच सिद्ध होते; ती समीकरणे त्या उपकरणाला लागू आहेत का, हे प्रयोगशाळेत मोजणाऱ्यांनाच विचारावे लागते.

कोणाकडेही जाताना पूर्ण रनचे डेटाफोल्डर नेऊ नये. बिघाड दिसतो असा सर्वांत लहान इनपुट, कोडची नेमकी आवृत्ती, वापरलेले सीड, जमाखर्चाची फाइल आणि आतापर्यंत कोणत्या तपासण्या केल्या व त्यांत कोणते आकडे आले याचे एक पान, एवढे बरोबर असावे.